सिमेंट कारखाना आणि आदिलाबादची गुत्तेदारी

सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या आदिलाबाद कारखान्याबद्दल गावात बोलणे निघाले की दोन सन ऐकू येतात : १९८४ आणि १९९८. पहिल्या साली उत्पादन सुरू झाले, दुसऱ्या साली थांबले. मधल्या चौदा वर्षांच्या गोष्टी कॉलनीत राहिलेली माणसे सांगतात आणि बोलणे शेवटी ‘कारखाना पुन्हा सुरू होणार का’ या प्रश्नावर येते. स्मरणिकेसाठी हा इतिहास लिहायला घेतला तेव्हा मला तो या दोन सनांत मावेना. सिमेंट पोत्यात असते तोवर तो माल. त्यात रेती, गिट्टी आणि पाणी पडले की काम सुरू होते. आदिलाबादेत माल करणारी संस्था बंद पडली, काम करणारी माणसे उरली. गुत्तेदार, सेंट्रिंगवाले, गवंडी, मोझॅक घासणारे, जाळ्या ओतणारे यांना वगळून कारखान्याचा इतिहास पुरा होत नाही. म्हणून या लेखात दोन्ही एकत्र आले आहेत.

सगळ्याच्या मुळाशी चुनखडी आहे. पैनगंगेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या खडकांना भूशास्त्रज्ञ ‘पैनगंगा समूह’ म्हणतात. ते शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत. खडकाला सरहद्द नसते आणि आपल्या जिल्ह्याची सरहद्दही फार जुनी नाही. हैदराबाद संस्थानात किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात गेले. पुढे १९५९ साली राजुरा चांदा जिल्ह्याला जोडला गेला. आज आवारपूर, गडचांदूर ही नावे चंद्रपूर जिल्ह्याची सिमेंटनगरे म्हणून घेतली जातात. पण आपल्या आजोबांच्या नकाशात ती याच जिल्ह्यात होती. इथल्या साइटवर मराठी, तेलुगू, दखनी आणि गोंडी एकाच घमेल्याभोवती बोलली जाते, याचे नवल फक्त बाहेरच्या माणसाला वाटते. आपल्याकडे कंत्राटदार कोणी म्हणत नाही, ‘गुत्तेदार’च म्हणतात, आणि गवंड्याला ‘मेस्त्री’.

सिमेंट येण्याआधी या भागात घर म्हणजे माती, दगड, सागवानाच्या तुळया आणि वर माळवद किंवा कौले. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे चुना : घाणीत बैल फिरवून मळलेला, आठवडे मुरवलेला. चुन्याची जमीन थापीने ठोकून ठोकून घट्ट करत आणि मग घोटत. या घोटाईचे कसब पुढे सिमेंटच्या कोब्यात उतरले. भारतात सिमेंटचे सलग उत्पादन १९१४ च्या सुमारास पोरबंदरला सुरू झाले. १९३६ साली दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. आणि आपल्या जुन्या जिल्ह्यात १९५८ साली मंचेरियलला एसीसीचा कारखाना आला. तरीही खेड्यातल्या माणसाला सिमेंट ही पुढे कित्येक वर्षे सरकारी इमारतीची वस्तू वाटे. त्याला कारण होते परमिट.

नव्या पिढीच्या गुत्तेदारांना परमिटचा काळ समजावून सांगावा लागतो. सिमेंटची किंमत आणि वाटप सरकार ठरवत असे. घर बांधायचे तर अर्ज, शिफारस, मंजुरी, मग पोती, तीही मागितली त्याहून कमी. उरलेली काळ्या बाजारातून. शेजारच्या महाराष्ट्रात याच सिमेंट वाटपाच्या प्रकरणावरून जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, यावरून त्या पोत्याची किंमत समजावी. त्यानंतर महिनाभराने, फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस, केंद्राने नियंत्रण अर्धवट उठवले : जुन्या कारखान्यांनी दोन तृतीयांश माल सरकारी दराने द्यायचा, नव्यांनी निम्मा, बाकीचा खुल्या बाजारात. पूर्ण मोकळीक १ मार्च १९८९ ला मिळाली.

या दोन तारखांच्या मधल्या काळात आपला कारखाना जन्मला. सिमेंट कॉर्पोरेशन ही केंद्र सरकारच्या संपूर्ण मालकीची कंपनी, स्थापना १८ जानेवारी १९६५. मांढर, कुरकुंटा, बोकाजान, राजबन, अकलतरा, नयागाव अशा ठिकाणी एकेक युनिट उभारत ती १९८४ साली आदिलाबादेत आली. क्षमता वर्षाला चार लाख टन. त्याच सुमारास देवापूरला ओरिएंटचा कारखाना १९८२ मध्ये आणि आवारपूरला लार्सन अँड टुब्रोचा १९८३ मध्ये सुरू झाला होता. एका चुनखडीच्या पट्ट्यावर दोन-तीन वर्षांत एवढ्या भट्ट्या पेटल्या. एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते आणि भट्टीत १,४५० अंशांपर्यंत उष्णता द्यावी लागते. म्हणून कारखाना चुनखडीला चिकटून बसतो आणि कोळशाकडे डोळे लावून असतो. एका बाजूला सिंगरेणीच्या खाणी, दुसऱ्या बाजूला वणी-घुग्घुसच्या. जागा निवडणाऱ्यांनी विचार केला होता हे मान्य करावे लागते.

गावाच्या दृष्टीने या चौदा वर्षांत काय झाले? नोकऱ्या लागल्या, कॉलनी वसली, शाळा झाली, हे सगळे सांगतात. गुत्तेदाराच्या नजरेने पाहिले तर आणखी दोन गोष्टी झाल्या. सिमेंट कारखाना आधी काँक्रीट मागतो : भट्टीचे पाये, सायलो, प्रीहीटरचा मनोरा, गिरण्यांचे चौथरे. अशा कामावर पाणी डोळ्यांनी पाहून ओतत नाहीत. पंधरा सेंटिमीटरचे क्यूब भरतात, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडतात, आकडा वहीत चढतो. पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस लिटर पाणी म्हणजे अर्धे प्रमाण. त्याहून वर प्रत्येक लिटर ताकद खातो. हा नियम डफ अब्राम्स या अमेरिकन अभियंत्याने १९१८ साली मांडला, आणि आजही आपल्या किती साइटवर पाणी मोजून पडते हे आपल्याला ठाऊक आहे. ज्यांनी एकदा मोठ्या कामावर क्यूब फुटताना पाहिला, त्यांचा हात नळीकडे जाताना थबकतो.

दुसरी गोष्ट ताज्या मालाची. पोते तीन महिने पडून राहिले की सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये, असा दंडक आहे. दमट हवेत ते त्याहून लवकर मरते. आतल्या स्लॅबमध्ये थोडे शिळे सिमेंट खपून जाते, कोणाला दिसत नाही. पण जमीन घोटायची, रंग चढवायचा, कडा धारदार काढायच्या तर माल ताजाच हवा. कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या गावाला हा लाभ आपसूक मिळतो.

आणि इथून माझ्या मनाजवळचा भाग सुरू होतो : नक्षीचे काँक्रीट. हे नाव आज मोठे वाटते, पण आपल्याकडे ते कोब्यापासून आहे. गिलाव्यावर पोपडे, कोब्यावर मात्र वर्षांमागून वर्षे चढत जाणारी चकाकी, अशी घरे अजून सापडतात. लाल ऑक्साइड सिमेंटमध्ये कोरडेच चाळून मिसळायचे, ओल्या थरावर पातळ गिलावा पसरायचा, आणि गुरमाळ्याने घोटायला योग्य वेळ साधायची. घाई केली तर रंग फाटतो, उशीर केला तर चमक येत नाही. रंगाचे वजन सिमेंटच्या दहा टक्क्यांपलीकडे नेऊ नये. जास्त लाल व्हावे म्हणून ओतला तर थर कमजोर होऊन भुकटी उडू लागते. मग किती दिवस पाणी धरून ठेवायचे, खोबरेल किंवा मेण कधी चोळायचे, हे त्या त्या मेस्त्रीचे गुपित.

कोब्यानंतर मोझॅक आले. कारखाना सुरू झाला त्याच १९८४ साली राजस्थानात गोटन येथे जे. के. चे पांढरे सिमेंट निघू लागले आणि १९८८ पासून बिर्ला व्हाइट. पांढरे सिमेंट सहज मिळू लागल्यावर फिक्या रंगांच्या मोझॅकला बहर आला. ज्यांनी ते केले नाही त्यांच्यासाठी जरा तपशिलात सांगतो, कारण हे काम करणारे हात कमी होत चालले आहेत. खाली काँक्रीटचा थर, त्यावर काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या करून चौकटी पाडायच्या. एक चौकट दोन चौरस मीटरपेक्षा मोठी नको, नाहीतर भेग ठरलेली. त्यात संगमरवराच्या चिप्स आणि सिमेंट यांचा थर दाबून बसवायचा, आणि वरून चिप्स पेरून रूळ फिरवायचा, म्हणजे सिमेंट कमी आणि दगड जास्त दिसतो. साधारण आठवड्याने घासणीचे यंत्र. आधी ६० नंबरचा दगड, मग फुटलेल्या जागा त्याच रंगाच्या सिमेंटने भरून पुन्हा पाणी, मग १२०, शेवटी ३२०, आणि ऑक्झॅलिक ॲसिडची पॉलिश. घासताना निघणारा तो राखाडी चिखल दिवसभर पायांत घेऊन काम करणाऱ्या माणसांमुळे आपल्या गावातले दवाखाने, बँका, मंगल कार्यालये यांच्या जमिनी गुळगुळीत झाल्या. मधोमध कमळ, कडेला वेल, उंबऱ्यात स्वस्तिक : ही नक्षी कागदावर नव्हती, पट्ट्या वाकवणाऱ्याच्या बोटांत होती.

याच परिवारात सिमेंटच्या जाळ्या येतात. लाकडी किंवा लोखंडी साच्याला तेल लावून, बारीक गिट्टीचा माल भरून, मध्ये पातळ तार घालून ओतलेली जाळी जिन्याला हवा देते आणि ऊन गाळते; आपल्या मे महिन्यात तिच्यासारखा उपाय नाही. कठड्याचे नक्षीदार खांब, आणि आपल्या मराठी अंगणांसाठी सिमेंटचे तुळशी वृंदावन. रस्त्याकडेच्या ओतकामाच्या अड्ड्यावर रांगेत उभी असलेली वृंदावने पाहिली की मला वाटते, आपल्या भागातले सर्वांत जास्त वापरात असलेले शिल्प हेच. त्याला पाणी रोज मिळते, म्हणून ते वर्षागणिक घट्टच होत जाते.

१९९८ मध्ये आदिलाबाद कारखान्याचे काम थांबले. कंपनी आधीच, १९९६ साली, आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेली होती. वीज, खेळते भांडवल, जुनी यंत्रे, वाहतूक अशी कारणे दिली जातात आणि ती खरी आहेत. पण मला त्यामागे एक मोठे कारण दिसते. १९८९ नंतर सिमेंट हा खुल्या बाजाराचा माल झाला. पोत्यात भरून तो शेकडो किलोमीटर जातो, आणि ग्राहकाला पोत्यावरच्या नावापेक्षा भाव आधी दिसतो. अशा मालात दहा-वीस लाख टनांच्या भट्टीसमोर चार लाखांची भट्टी टिकवायची तर सतत नवा पैसा घालावा लागतो, आणि तो कोणी घातला नाही. २००६ साली जे पुनर्वसन ठरले त्यात बोकाजान, राजबन आणि तांडूर ही तीनच युनिटे चालवायची आणि आपल्यासह बाकीची सात बंद करून विकायची, असा निर्णय झाला. त्यानंतर निवेदने, मोर्चे, आश्वासने. चुनखडी मात्र जागेवर आहे आणि शेजारच्या भट्ट्या तिच्यावर आजही चालतात, म्हणून गावाची मागणी मला रास्त वाटते.

काँक्रीटचे मात्र सिमेंटसारखे नाही. मापदंड सांगतो, साध्या सिमेंटने पाणी लागल्यापासून पहिला अर्धा तास आवळू नये आणि दहा तासांत पुरते आवळलेले असावे. एवढ्या वेळात ते जिथे हवे तिथेच कालवावे, ओतावे, घोटावे लागते. त्यामुळे ते दुसऱ्या राज्यातून ट्रकने येऊ शकत नाही, त्याला गावातला माणूस लागतो. कारखाना बंद झाला तरी गुत्तेदारी बंद झाली नाही, ती यामुळे.

तिलाही धक्का बसला, तो दुसरीकडून. दोन हजार सालानंतर व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या आणि मोझॅक बघता बघता गेले. दोन दिवसांत खोली बसते, घासणी नाही, चिखल नाही. घासणीची यंत्रे भंगारात गेली, माणसे टाइल बसवू लागली किंवा हैदराबाद-नागपूरला निघून गेली. घराच्या आतली जमीन आपण गमावली. मग काम अंगणात आणि रस्त्यावर उरले : पेव्हर ब्लॉक, पदपथ, पेट्रोल पंप, शाळेचे मैदान, आणि आता ठशांचे काँक्रीट.

ठशांच्या काँक्रीटची कल्पना १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात ब्रॅड बोमन यांनी रुजवली : ओल्या काँक्रीटवर साचे दाबून दगडाचा, विटेचा किंवा लाकडाचा पोत उमटवायचा. आपल्याकडे फार्महाउस आणि लॉनवाल्यांनी ते मागायला सुरुवात केली. चार इंचाचा थर, त्यावर रंगीत हार्डनरची भुकटी दोन वेळा पेरून घोटायची, मग साचा चिकटू नये म्हणून रिलीज पावडर, मग रबरी साचे ओळीने दाबत जायचे. अंगठा दाबला की ठसा उमटतो पण माल चिकटत नाही, ती वेळ. दुसऱ्या दिवशी धुऊन, वाळू देऊन, वर सीलर.

पुस्तकात हे इथेच संपते. आदिलाबादेत इथे सुरू होते. पहिला शत्रू काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. तिच्यावर चार इंच टाकून वर कितीही सुंदर दगड उमटवला तरी पुढच्या मृगात तो दुभंगणार. माती काढून मुरूम भरायचा, थराथराने पाणी मारून रोलर फिरवायचा, कडेने पाण्याला वाट द्यायची. निम्मे पैसे या न दिसणाऱ्या कामात जातात आणि ग्राहकाला तेच पटत नाही. दुसरा शत्रू उन्हाळा. तापमान ४० अंशांपलीकडे गेले की उष्ण हवेतल्या काँक्रीटचे नियम लागू होतात. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे रोजच. वारा आणि ऊन यांनी वरचे पाणी उडते आणि घोटायच्या आधीच केसासारख्या भेगा उमटतात. म्हणून संध्याकाळी ओतायचे, गिट्टी सावलीत भिजवून ठेवायची, ताडपत्री लावून वारा अडवायचा. सांधे आठ ते दहा फुटांवर, जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढे खोल, आणि कापायचे त्याच रात्री किंवा पहाटे. भेग येणारच असते. ती कुठे यावी हे आपण ठरवायचे, एवढेच हाती असते. पाणी उष्ण कोरड्या हवेत किमान दहा दिवस. ठशांच्या रंगीत कामावर गोणपाट टाकले तर डाग पडतात, म्हणून तिथे क्युरिंग कंपाउंड. डिसेंबर-जानेवारीत उलटे : तेलंगणातली सर्वांत बोचरी थंडी आपल्याकडे, आवळायला वेळ लागतो, आणि साचे घेऊन मध्यरात्रीपर्यंत बसावे लागते.

धंद्याबद्दलही लिहायला हवे, कारण स्मरणिकांत कामांचे फोटो येतात, हिशेब येत नाहीत. स्लॅबचा हिशेब सोपा : शंभर चौरस फूट, पाच इंच जाडी, एम २० चा माल, म्हणजे साडेनऊच्या आसपास पोती, गिट्टी, रेती ब्रासवर, सेंट्रिंग फुटावर. दोन गुत्तेदारांचे दर फार तर पाच-दहा रुपयांनी वेगळे. नक्षीकामाला असा दर नसतो. तिथे नमुना लागतो. तीन फूट बाय तीन फुटांचा तुकडा ग्राहकासमोर ओतायचा, सीलर लावून वाळवायचा, त्यावर त्याची सही घ्यायची आणि काम संपेपर्यंत तो साइटवर ठेवायचा. मॉनिटरवर पाहिलेला रंग आणि सिमेंटमधला रंग कधीच एक नसतो. एका मोठ्या कामावर मालकाने रंग फिका आल्याचे सांगून शेवटचा हप्ता अडवला होता. नमुना असल्यामुळे तो मिळाला. तेव्हापासून आमच्याकडे नमुन्याशिवाय बयाणाही घेत नाहीत.

हप्ते चार तरी असावेत : बयाणा, मुरूम भरून झाल्यावर, ओतून झाल्यावर, सीलर झाल्यावर. सरकारी कामात अनामत अडकते, दोष दायित्वाचा काळ संपेपर्यंत सुटत नाही, देयक कधी निघेल सांगता येत नाही. त्याच वेळी सिमेंटवाल्याला उधारी तीस दिवसांची आणि मजुराचा हप्ता दर बाजाराच्या दिवशी. मला माहीत असलेले बहुतेक गुत्तेदार काम वाईट झाले म्हणून बुडाले नाहीत, दोन देयकांच्या मधल्या महिन्यांत बुडाले. मजुरांच्या बाबतीत एक गोष्ट आग्रहाने लिहितो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कामाच्या खर्चावर एक टक्का उपकर सुरू झाला. तो पैसा कामगारांसाठी आहे, पण नोंदणी असेल तरच त्यांना मिळतो. आपल्या साइटवरच्या मोझॅकवाल्या, घमेले उचलणाऱ्या बाया, सेंट्रिंगची पोरे यांची नोंदणी करून देणे हे गुत्तेदाराचेच काम आहे.

२०१६ च्या ऑक्टोबरात आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. मंचेरियल आणि देवापूर वेगळ्या जिल्ह्यात गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात तेलंगणा आणि महाराष्ट्र यांच्यात झालेल्या करारामुळे पैनगंगेवर चनाखा-कोरटा बंधाऱ्याचा मार्ग मोकळा झाला, आणि तिथे मोठे काँक्रीट उभे राहिले. लहान गुत्तेदारांना त्या कामात खडीवाहतुकीपलीकडे फारसे काही मिळत नाही, पण मिक्सिंग प्लांट कसा चालतो, तापमान कसे मोजतात, हे पाहिलेली आमची पोरे परत येतात तेव्हा पाणी मोजून घालतात.

ही स्मरणिका निघते आहे तेव्हा एक काम अजून हातात आहे. गावातल्या जुन्या इमारतींतल्या मोझॅकच्या जमिनी दुरुस्तीच्या नावाखाली फुटत आहेत किंवा टाइलखाली जात आहेत. त्यांचे फोटो, त्यांतल्या पट्ट्यांची मापे, चिप्सचे रंग, आणि ज्यांनी त्या घासल्या त्यांची नावे गोळा करायला दोन तरुण मेस्त्री तयार आहेत. ज्यांच्या घरी किंवा कार्यालयात अशी जमीन आहे त्यांनी ती फोडण्याआधी कळवावे. आम्ही येऊन मापे घेऊ, आणि जिथे थोडीच झीज आहे तिथे ६० नंबरपासून पुन्हा घासून देऊ.